निष्ठा कमी झाली, की ड्यूटी जास्त झाली?

वाचकाचं पत्र (ओळख लपवून, थोडक्यात):

एका मोठ्या रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डमध्ये मी इन्चार्ज सिस्टर आहे. या कामात २० वर्षं झाली. गेल्या वर्षभरात वॉर्डमधल्या ४ स्टाफ नर्स सोडून गेल्या, त्यातल्या दोघींच्या जागा अजून रिकाम्या आहेत. सकाळी एका सिस्टरकडे १४ रुग्ण असतात, रात्री त्याहून जास्त. ज्या आहेत त्या वैतागलेल्या. रुग्णांशी तुटक बोलतात, ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरला रुग्णांची माहिती सोपवताना, घाई करतात, कोणी आजारी पडलं तर दुसरी यायला तयार नसते. आमच्या वेळी आम्ही सलग नाइट केल्या, घरची आजारपणं बाजूला ठेवून आलो, पण कुरकुर केली नाही. आता माझी सगळ्यात चांगली सिस्टर, जी कधी कुठल्या ड्यूटीला नाही म्हणाली नाही, तिनेही राजीनामा दिलाय. व्यवस्थापन म्हणतं, तिला समजवा आणि बाकीच्यांसाठी एक प्रेरणा सत्र ठेवा. मी तिला काय सांगू? या मुलींमध्ये निष्ठा कशी आणू? खरं सांगायचं तर हल्ली सकाळी मलाही जावंसं वाटत नाही, पण हे मी कोणाला बोललेले नाही.

उत्तर:

ताई,

तुम्ही विचारलंय ते त्या मुलींच्या निष्ठेबद्दल, पण मी तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. २० वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईचाही सकाळी पाय निघत नसेल, तर नव्या पिढीला दोष देऊन हिशेब जुळत नाही. तुमची कामाची आवड गेलेली नाही. गेली असती तर इतक्या पोटतिडकीने पत्र लिहिलंच नसतं. तरीही तुम्हाला तेच होतंय जे त्यांना होतंय. २० वर्षं काम केलेली आणि २ वर्षं काम केलेली, दोघींची एकच तक्रार असेल तर कारण दोघींच्या स्वभावाबाहेर शोधायला हवं.

त्यासाठी आधी एक काम करा. गेल्या ३ महिन्यांच्या ड्यूटी लिस्ट काढा. टाइप करून वर पाठवलेल्या नकोत, खोडाखोड झालेल्या काढा, म्हणजे प्रत्यक्षात ड्यूटी जशी झाली तशा. राजीनामा दिलेल्या सिस्टरच्या नावापुढे बघा: तिचे किती ऑफ, म्हणजे हक्काच्या सुट्ट्या, कापले गेले, किती वेळा डबल ड्यूटी झाली, इव्हिनिंग करून ती किती वेळा दुसऱ्या दिवशी मॉर्निंगला आली, सुट्टीच्या दिवशी तिला किती फोन गेले. मग हेच सगळं, कायम काही ना काही कारण सांगणाऱ्या एखादीच्या नावापुढे मोजा. मी तुमच्या लिस्ट पाहिलेल्या नाहीत, पण तुमच्या एका वाक्यावरून मला अंदाज येतो. ती कधी नाही म्हणाली नाही, असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. रात्री ८ वाजता नाइटची सिस्टर येणार नसल्याचा निरोप येतो, तेव्हा इन्चार्जचा पहिला फोन कोणाला जातो? जी हो म्हणते तिला. यात तुमच्या मनात खोट नसते. वॉर्ड वाऱ्यावर सोडता येत नाही आणि कोणाला तरी बोलवावंच लागतं. पण महिनोन्महिने हेच चाललं की माणसांच्या तुटवड्याची सगळी किंमत सगळ्यात निष्ठावान माणूस भरतो. जी नाही म्हणायला शिकलेली असते ती टिकून राहते. जी शिकलेली नसते ती एकदाच नाही म्हणते, आणि ते राजीनाम्यात.

या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त टोचतं ते हे. सलाइनच्या एकेका बाटलीची नोंद स्टॉक रजिस्टरमध्ये होते. कापलेल्या ऑफची नोंद कुठे होते? कर्मचाऱ्याची निष्ठाही खर्च होते, संपते, हे व्यवस्थापनाच्या कुठल्याच कागदावर येत नाही. ती संपल्याचं कळतं ते माणूस गेल्यावर, आणि तेव्हाही 'घरगुती कारण' एवढंच लिहिलं जातं.

तुमच्याकडे एका सिस्टरमागे १४ रुग्ण आहेत. म्हणजे नेमकं काय, हे वॉर्डबाहेरच्या माणसाला समजत नाही, म्हणून मिनिटांत मांडते. तुमच्या वॉर्डप्रमाणे आकडे बदलून घ्या. ८ तासांची ड्यूटी म्हणजे ४८० मिनिटं. औषध नीट द्यायचं, म्हणजे नाव विचारायचं, केस पेपर बघायचा, डोस पडताळायचा, औषध द्यायचं आणि सही करायची, तर एका रुग्णाला ६ मिनिटं धरा. एका ड्यूटीत २ वेळा औषधं, रुग्ण १४, झाली १६८ मिनिटं. टीपीआर-बीपीला, म्हणजे ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब बघायला, रुग्णामागे ४ मिनिटं, तेही २ वेळा, म्हणजे ११२. ओव्हर घ्यायला अर्धा तास, द्यायला अर्धा तास, असे ६०. नोंदी रुग्णामागे ६ मिनिटं, म्हणजे ८४. एकूण ४२४. उरली ५६, म्हणजे एका रुग्णाला ४ मिनिटं. या ४ मिनिटांत सलाइन लावायचं, कूस बदलायची, शुगर तपासायची, लघवीची पिशवी रिकामी करायची, डॉक्टरांच्या राउंडला उभं राहायचं आणि घाबरलेल्या नातेवाइकाला धीर द्यायचा. नवीन ऍडमिशन यात धरलेली नाही, डिस्चार्ज धरलेला नाही, एखाद्याचा श्वास अचानक चढला तर तेही धरलेलं नाही. त्या सिस्टरने घोटभर पाणी प्यायचं, लघवीला जायचं, हेही नाही.

मग काहीतरी राहून जातं. काय राहतं याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत बिअॅट्रिस कॅलिश या नर्सिंगच्या संशोधकांनी २००६ मध्ये परिचारिकांशी बोलून ही राहून जाणारी कामं मांडली: रुग्णाला चालवणं, कूस बदलणं, वेळेवर भरवणं, अंग पुसणं, धीर देणं, घरी गेल्यावर काय करायचं ते समजावून सांगणं. यादी बघा. यातल्या कितीतरी गोष्टींना कागदावर सही लागत नाही. सही लागणारं काम आधी होतं आणि माणुसकीचं काम सुटतं. आणि गंमत वाटावी असं यात काहीच नाही, कारण जे काम सुटतं त्याच कामासाठी ती मुलगी या पेशात आलेली असते. काय करायला हवं ते कळतंय, करण्याची इच्छा आहे, पण परिस्थिती करू देत नाही, या घुसमटीकडे तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्येच परिचारिकांच्या संदर्भात लक्ष वेधलं होतं. रोज ड्यूटी संपवून ही बोच घेऊन घरी जाणाऱ्या माणसाला काम आवडेनासं होतं, तेव्हा त्याला आळस म्हणू नका.

त्यांच्या तुटक बोलण्याकडेही याच नजरेने बघा. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये कामाने येणारा हा थकवा मोजण्याची प्रश्नावली तयार केली. त्यात ३ गोष्टी पाहिल्या जातात: मन रिकामं होणं, समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही चांगलं होत नाही असं वाटू लागणं. रुग्णाला नावाने हाक मारणारी सिस्टर '७ नंबर' म्हणू लागली की आपण तिला उद्धट ठरवतो. खरं तर तिच्यात उरलेलं थोडंसं ती वाचवत असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात, आयसीडी-११ मध्ये, या थकव्याचा उल्लेख कामाशी निगडित स्थिती असा केला आहे, आजार म्हणून केलेला नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याचा तो परिणाम आहे, असं तिथे म्हटलंय. म्हणजे उपायही कामाच्या ठिकाणी करायचा.

'आमच्या वेळी आम्ही केलं' हे खरं आहे. तुमच्या पिढीने जे सोसलं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तुलना करताना कॉट तेवढ्याच आहेत एवढंच बघू नका. पूर्वी बरा होत आलेला रुग्णही आणखी काही दिवस वॉर्डात असायचा. त्याला औषध दिलं की फार बघावं लागत नसे, उलट तोच शेजारच्या रुग्णाला मदत करायचा. आता जरा सुधारला की डिस्चार्ज. त्यामुळे कॉटवर जो असतो तो जास्त आजारी असतो, आणि एकाच कॉटवर आठवड्यात २-३ रुग्ण येऊन जातात. प्रत्येक येण्याजाण्याचं काम वेगळं. यंत्रं वाढली, त्यांचे अलार्म वाढले, कागद कमी होतील म्हणून संगणक आला आणि आता कागदही भरायचा, संगणकही भरायचा. १४ रुग्ण तेव्हाही होते आणि आजही आहेत, पण ते काम एकच नाही. आणि दुसरं, तुमच्या वेळी ज्या सोडून गेल्या त्या आज पत्र लिहायला नाहीत. टिकलेल्यांच्या आठवणींत सगळेच टिकलेले दिसतात.

व्यवस्थापनाला पटवायचं असेल तर आकडे हाताशी असू द्या. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये, परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढला की ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. परिचारिकांच्या बाजूने पाहिलं तर थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि कामाबद्दल असमाधानाची १५ टक्क्यांनी वाढलेली होती. एकाच कारणाने रुग्णही धोक्यात येतो आणि कर्मचारीही. हे दोन वेगळे विषय म्हणून वेगवेगळ्या बैठकांत का ठेवले जातात, हे मला कधी कळलेलं नाही. यावर कोणी म्हणेल की हा नुसता संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. आक्षेप रास्त आहे. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचं उदाहरण सांगा. तिथे २०१६ मध्ये कायद्याने ठरावीक वॉर्डांसाठी दिवसा एका परिचारिकेमागे ४ आणि रात्री ७ रुग्ण असं प्रमाण लागू झालं. कायदा लागू झालेल्या २७ आणि न झालेल्या २८ रुग्णालयांची आधीची-नंतरची तुलना २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण परत दाखल होण्याचं आणि जास्त दिवस राहण्याचं प्रमाण घटल्यामुळे वाचलेला पैसा, वाढवलेल्या परिचारिकांच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक भरला. 'माणसं वाढवणं परवडत नाही' असं म्हणणाऱ्यांसमोर हे ठेवायलाच हवं.

आता निष्ठेबद्दल. जो टिकून राहतो तो निष्ठावान, असं आपण गृहीत धरतो. मानसशास्त्रज्ञ जॉन मायर आणि नॅटली ॲलन यांनी १९९१ मध्ये याचे ३ पदर वेगळे केले. कोणी राहतं कारण जागा आपली वाटते. कोणी राहतं कारण सोडणं परवडत नाही, घराचा हप्ता असतो, दुसरीकडे नोकरी नसते. कोणी राहतं कारण सोडणं बरं दिसत नाही, संस्थेने शिकवलं, सहकाऱ्यांना संकटात टाकायचं नाही. हजेरीच्या रजिस्टरवर तिघींची सही सारखीच दिसते. रुग्णाच्या कॉटशी मात्र फरक कळतो. नाइलाजाने राहिलेली सिस्टर नेमकं सांगितलं तेवढं करते आणि संधी मिळाली की जाते. तुमच्या वॉर्डात आज कोण कशामुळे थांबलंय, हे तुम्हाला माहीत आहे का? बहुतेक इन्चार्जना माहीत नसतं, कारण आपण जाणाऱ्याला कारण विचारतो, राहणाऱ्याला कधीच नाही. पुढच्या २ आठवड्यांत प्रत्येकीशी १५ मिनिटं एकटीशी बोला. फक्त दोन गोष्टी विचारा: तू कशामुळे थांबली आहेस, आणि गेल्या महिन्यात कुठल्या दिवशी तुला सोडून जावंसं वाटलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तारखेसह मिळेल, बघा. आणि त्या तारखेला वॉर्डात किती माणसं होती ते ड्यूटी लिस्टमध्ये सापडेल.

पगाराचं काय, असं तुम्हाला वाटलं असेल. पगार कमी असेल तर तो वाढायलाच हवा. त्याऐवजी कौतुकाचं प्रमाणपत्र देणं अपमानास्पद आहे, हे मी ठामपणे म्हणते. पण नुसता पगार वाढवून १४ रुग्णांचा भार हलका होत नाही. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये अभियंते आणि हिशेबनीस यांच्याशी बोलून मांडलेला मुद्दा इथे उपयोगी पडतो: पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी वाईट असल्या तर माणूस नाराज होतो, पण त्या सुधारल्या म्हणून आपोआप समाधान येत नाही, समाधान येतं ते काम नीट करता येण्यातून, जबाबदारीतून आणि ते कोणाच्या तरी लक्षात येण्यातून. पुढच्या काळात या मांडणीवर पुष्कळ वाद झाले. तरी रुग्णालयात मला ती बरीचशी खरी वाटते. आजारी माणूस बरा होऊन चालत घरी जातो, याहून मोठं समाधान कुठलं? ते या पेशात आयतं आहे. फक्त ते अनुभवायला ४ मिनिटांहून जास्त वेळ लागतो.

म्हणून ते प्रेरणा सत्र. माझं स्पष्ट मत आहे की आत्ता ठेवू नका. नाइट करून आलेल्या मुलींना हॉलमध्ये बसवून सेवाभावावर भाषण ऐकवलं तर त्या एकच निष्कर्ष काढतील, की चूक आमचीच आहे असं यांना वाटतं. जो थोडा विश्वास उरलाय तोही जाईल. व्यवस्थापनाला नकार देणं अवघड असेल तर त्याच वेळात, ड्यूटीच्या तासांत, सगळ्यांना बसवून एकच विषय घ्या: कुठलं काम आपल्याकडून काढून घेतलं तर रुग्णाजवळ जास्त वेळ मिळेल? बोलणाऱ्या त्या असू द्या, लिहून घेणाऱ्या तुम्ही.

त्या सिस्टरला काय सांगायचं? 'तू गेलीस तर वॉर्डचं काय होईल' हे सांगू नका. ते तिला तुमच्याहून आधी कळलेलं आहे, त्यापायीच ती एवढे दिवस थांबली. तिला आधी ती ड्यूटी लिस्ट दाखवा आणि म्हणा, हे माझ्या आता लक्षात आलं, तुझ्यावर जास्त आलं. मग विचारा, काय बदललं तर थांबशील? ती सांगेल त्यातलं जे तुमच्या हातात आहे तेवढंच कबूल करा आणि तारीख द्या. महिन्यातले ऑफ ठरलेले आणि न मोडणारे, सुट्टीच्या दिवशी फोन नाही, काही काळ नाइट नाही किंवा ओपीडीत बदली, ही आश्वासनं तुम्ही पाळू शकता. पगारवाढ, बढती, नवी माणसं याबद्दल शब्द देऊ नका. पाळता न येणारा शब्द देऊन तिला २ महिने थांबवलंत तर ती जाताना आणखी दोघींना घेऊन जाईल. आणि तिचं ठरलेलंच असेल तर चांगल्या मनाने जाऊ द्या. तिचा अनुभवाचा दाखला अडकवू नका. व्यवस्थापनाने अडकवायला सांगितलं तरी तुम्ही तिच्या बाजूने बोला. बाकीच्या सगळ्या बघत असतात.

व्यवस्थापनापुढे जे मांडायचं ते तोंडी मांडू नका. तोंडी सांगितलेलं 'सिस्टर नेहमीच रडतात' या खात्यात जमा होतं. ४ आठवडे रोज प्रत्येक ड्यूटीला एका ओळीत लिहा: रुग्ण किती, त्यात गंभीर किती, ऍडमिशन-डिस्चार्ज किती, सिस्टर किती, कापलेले ऑफ, आणि काय राहून गेलं. कोणाचं नाव लिहू नका, नाहीतर मुली खरं लिहायच्या थांबतील. शिवाय एक दिवस, फक्त एकच दिवस, सिस्टर वॉर्डबाहेर कशासाठी जातात ते लिहा: औषधांचा इंडेंट (मागणीपत्र), हरवलेली व्हीलचेअर, लॅबचा रिपोर्ट, बिलिंगची शंका, चादरी. ही कामं नर्सिंगची नाहीत आणि ती कमी पगाराच्या मदतनिसाकडे किंवा वॉर्ड क्लार्ककडे देता येतात. माझ्या मते पहिली मागणी हीच ठेवा. २ सिस्टर द्या म्हटलं तर जागा मंजूर नाहीत असं उत्तर येतं. वॉर्डला एक क्लार्क आणि एक मदतनीस द्या म्हटलं तर दार थोडं उघडतं. दुसरी मागणी, ठरलेल्या संख्येपेक्षा सिस्टर कमी असतील त्या ड्यूटीला नवीन ऍडमिशन कोणाच्या परवानगीने घ्यायची, याचा लेखी नियम. आज तो निर्णय कोणीच घेत नाही आणि त्याचा भार ड्यूटीवरच्या एकटीवर पडतो. हे कागद मेट्रन मॅडमना, म्हणजे नर्सिंगच्या प्रमुखांना, आधी द्या, त्यांना विश्वासात घेऊनच पुढे जा. त्याही तुमच्याच जागेवरून गेलेल्या असतात.

आणि ड्यूटी लिस्ट तर तुमच्याच हातात आहे. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये दाखवलं होतं की काम खूप असणं आणि त्यावर आपला काहीच ताबा नसणं, हे दोन्ही एकत्र आलं की माणूस सर्वाधिक खचतो. काम तुम्ही आज कमी करू शकत नाही, पण ताबा थोडा देऊ शकता. लिस्ट महिन्याची एकदम आणि निदान २ आठवडे आधी लावा. प्रत्येकीला महिन्यात २ दिवस स्वतःच्या पसंतीचे मागू द्या, आणि अदलाबदल त्यांची त्यांना करू द्या, तुम्ही फक्त सही करा. इव्हिनिंगनंतर मॉर्निंग लावणं बंद करा. परिचारिकांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७७ मध्ये केलेल्या शिफारशीत दोन ड्यूट्यांच्या मध्ये किमान १२ तास सलग विश्रांती सांगितली आहे, आणि जादा तास धरूनही दिवसाचं काम १२ तासांवर जाऊ नये असं म्हटलंय. डबल ड्यूटीचा प्रश्न येईल तेव्हा हेही आठवा, की २००४ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात सलग साडेबारा तास किंवा जास्त काम केलेल्या परिचारिकांकडून चूक होण्याची शक्यता सुमारे तिप्पट आढळली. अचानक बोलवायची वेळ आली तर पाळीपाळीने बोलवायची यादी भिंतीवर लावा. जिचा नंबर तिला फोन. जी हो म्हणते तिला नाही. ऑफ मोडला तर १५ दिवसांत बदली सुट्टी, तीही लिस्टवर लिहून.

ब्रेकचंही ठरवून टाका. 'जमेल तेव्हा जा' म्हणजे कोणीच जात नाही. कोणी कधी जायचं आणि तेव्हा तिचे रुग्ण कोण बघणार, हे ड्यूटीच्या सुरुवातीलाच बोर्डावर लिहा. आणि एखादा नातेवाईक अंगावर धावून आला, शिवीगाळ केली, तर इन्चार्जने पुढे होऊन उभं राहायचं, सिक्युरिटीला बोलवायचं, आणि घटना त्याच दिवशी लेखी कळवायची. नंतर केबिनमध्ये बोलावून 'तू जरा नीट बोलायला हवं होतंस' असं म्हणणाऱ्या वरिष्ठाखाली कोणी मनापासून काम करत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत परिचारिकांचा तुटवडा असतानाही काही रुग्णालयांतून त्या सोडून जात नव्हत्या. तिथल्या अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंगने अशा ४१ रुग्णालयांचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे पुरेशी माणसं होती, वेळा लवचीक होत्या, निर्णयांत परिचारिकांना विचारलं जात होतं, आणि नर्सिंगचे वरिष्ठ कर्मचाऱ्यांच्या नजरेसमोर असत, त्यांच्या बाजूने बोलत. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना बजेट लागत नाही.

तुमच्याबद्दल. माणूस कमी पडला की तुम्ही स्वतः ट्रॉली घेऊन उभ्या राहत असणार, तुमच्या पत्राच्या सुरावरून मला तसं वाटतं. एखाद्या दिवशी ठीक आहे. रोज नको. तुम्ही रोज रिकामी जागा भरून काढता, म्हणून वरच्यांच्या कागदावर वॉर्ड सुरळीत चाललेला दिसतो आणि जागा भरायची घाई कोणाला वाटत नाही. शिवाय तुम्ही रुग्ण घेतलेत की ड्यूटी लिस्ट, इंडेंट, नव्या मुलींना शिकवणं हे सगळं घरी न्यावं लागतं. त्या दिवशी एक ओळ वहीत लिहा: आज इन्चार्जने इतके रुग्ण घेतले. स्वतःचे साठलेले ऑफ या महिन्यात घ्या, फोन दुसऱ्या सिस्टरकडे सोपवून. जावंसं वाटत नाही हे एखाद्या दुसऱ्या वॉर्डच्या इन्चार्जला बोलून दाखवा. ती 'मलाही' म्हणेल आणि मग मागण्यांचं ते पत्रक तुम्ही दोघी मिळून व्यवस्थापनाला द्याल, एकीच्या सहीपेक्षा त्याचं वजन जास्त पडतं. झोप उडाली असेल, रडू येत असेल, सुट्टी घेऊनही मन थाऱ्यावर येत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. त्याला कामाचा ताण म्हणून अंगावर काढू नका.

हे वाचणाऱ्यांत लॅबमधले टेक्निशियन असतील, एक्स-रेवाले असतील, निवासी डॉक्टर असतील, वॉर्डातल्या मावशी आणि मामा असतील. निष्ठेचा विषय निघाला की त्यांचं नाव कोणी काढत नाही, पण कॉट धुऊन तयार झाल्याशिवाय ऍडमिशन होत नाही आणि रिपोर्ट आल्याशिवाय औषध बदलत नाही. ती एका ओळीची वही तुम्हालाही चालेल: नमुने किती, माणसं किती, काय राहिलं. मावशींना लिहायला वेळ नसेल तर ड्यूटीवरच्या सिस्टरने त्यांची ओळ लिहावी.

तुमचा कागद दिल्यावर ३ महिन्यांची मुदत मनाशी धरा. त्या काळात एखादी तरी मागणी हलली, क्लार्क मिळाला, एक जागा भरली, तर थांबण्यात अर्थ आहे. काहीच हललं नाही, उत्तरही आलं नाही, तर दुसरा वॉर्ड, दुसरी संस्था किंवा शिकवण्याचं काम यांचा विचार उघडपणे करा, अर्ज करा. २० वर्षांचा अनुभव असलेल्या इन्चार्जची गरज असलेल्या जागा पुष्कळ आहेत. वहीच्या प्रती मात्र जाताना पुढच्या इन्चार्जच्या हातात द्या, तिला पहिल्या आठवड्यापासून लागतील.